माळ्यावरची यंत्रं, दिवाणखान्यातला आवाज

नागपुरात वकिली शिकलेल्या जी. एन. जोशींच्या आवाजात १९३२ साली एचएमव्हीने एक कविता तबकडीवर घेतली. कविता मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची, ‘शीळ’. मराठी भावगीताची सुरुवात सांगताना आजही या तबकडीचं नाव आधी निघतं. जोशी पुढे वकिली सोडून एचएमव्हीतच गेले आणि इतरांचे आवाज मुद्रित करू लागले. १९६७ साली शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार एकत्र आणून त्यांनी ‘कॉल ऑफ द व्हॅली’ घडवली. दोन्ही तबकड्यांमागे एकच वैदर्भीय माणूस आहे, एकदा गायक म्हणून आणि एकदा निर्माता म्हणून. पहिली तबकडी लाखेची, मिनिटाला ७८ फेरे, एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटांचं गाणं. दुसरी विनाइलची, ३३⅓ फेरे, एका बाजूला वीसेक मिनिटं.

या दोन्ही तबकड्या एकाच कपाटात असतील, तर एका सुईने त्या वाजवता येत नाहीत आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या एकाच जोडणीतून त्या खऱ्या ऐकूही येत नाहीत. घरी गाणं ऐकायची यंत्रं निवडताना लोक आधी कंपनीचं नाव विचारतात, मग वॅट विचारतात, मग जुनं चांगलं की नवं यावर वाद घालतात. माझ्या मते हे सगळे प्रश्न नंतरचे. एका यंत्रातून काय बाहेर पडतं आणि पुढच्या यंत्राला आत काय हवं असतं, हा पहिला प्रश्न. तो सुटला की १९५५चा रेडिओ आणि या वर्षीचा मोबाइल एका दिवाणखान्यात सुखाने नांदतात. तो न सोडवता कितीही पैसे घातले तरी गुरगुर, खरखर नाहीतर जळका वास हाती येतो.

नागपुरात या विषयाला दिवाळीचा मुहूर्त अगदी चपखल आहे. साफसफाईत माळा उघडतो. कूलर पुसून, गुंडाळून ठेवले जातात आणि त्यांच्या घरघरीत चार महिने बुडालेलं घर पुन्हा शांत होतं. माळ्यावरून खाली काय येतं? आजोबांचा मर्फी, बुश किंवा फिलिप्सचा व्हॉल्व्हचा रेडिओ. झाकणातच स्पीकर असलेला एचएमव्हीचा फिएस्टा. काकांनी आखाती देशातून आणलेला टू-इन-वन. ऐंशीच्या दशकातला कॅसेट डेक. कोलकात्याच्या सोनोडाइनचा अ‍ॅम्प्लिफायर. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ला सुरू झालं, त्या काळात शहरातल्या कितीतरी घरांत पहिला रेडिओ आला. तो रेडिओ फक्त वस्तू नव्हता. त्याचं लायसन्स पोस्टातून काढावं लागे आणि त्यावर क्रोशाचं झाकण घातलं जाई. म्हणूनच तो भंगारात देताना हात थबकतो, आणि थबकावाच.

पण खाली उतरवल्या उतरवल्या त्याची पिन प्लगात घालू नका. ही कळकळीची सूचना आहे.

वर्षानुवर्षं बंद असलेल्या सेटमधले कंडेन्सर सुकलेले किंवा गळके झालेले असतात. व्हॉल्व्हच्या रेडिओत आतला दाब २५० व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो. अशा सेटला एकदम पूर्ण वीज दिली तर गळका कंडेन्सर आधी जातो आणि जाताना ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातो. कंडेन्सर चार पैशांचा, ट्रान्सफॉर्मर मात्र पुन्हा गुंडाळून घ्यावा लागतो. जाणता मेकॅनिक म्हणून पहिल्यांदा सेट सिरीज बल्बवर लावतो. ६० किंवा १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब सेटच्या मालिकेत जोडायचा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर बरं चाललंय. भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे आणि तो बल्बाने स्वतःवर घेतला. एलईडी बल्ब इथे चालत नाही. सेट बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते, तेव्हा मागचं झाकण काढून बोट घालणं हा खेळ नाही.

आणखी एक धोका फारसा कुणी सांगत नाही. जुन्या काळी एसी आणि डीसी अशा दोन्ही विजेवर चालणारे स्वस्त सेट निघत. त्यांत मुख्य ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यामुळे आतला लोखंडी सांगाडा थेट घरच्या विजेला जोडलेला असतो. प्लग उलटा बसला की सांगाड्यात पूर्ण २३० व्होल्ट उतरतात. वर्षानुवर्षं कुणाला शॉक बसला नाही, कारण बटणं बॅकेलाइटची आणि पेटी लाकडाची होती. अशा सेटमागे मोबाइलची वायर जोडली की ती वीज वायरीतून हातात येते. मोबाइलवरचं गाणं जुन्या रेडिओवर ऐकायची हौस आहे ना, मग आधी सेटमध्ये ट्रान्सफॉर्मर आहे की नाही हे जाणकाराकडून पाहून घ्या. नसेल तर त्याला वायर जोडूच नका.

परदेशातून आलेल्या यंत्रांची अडचण वेगळी. जपानमधल्या घरगुती सेटला १०० व्होल्ट लागतात, अमेरिकेतल्याला १२०. आखातातून आलेल्या अनेक सेटच्या पाठीला व्होल्टेज बदलायची कळ असते. ती २२० किंवा २४०वर आहे का हे टॉर्च लावून पाहावं. नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर. अमेरिकेहून आणलेल्या जुन्या टर्नटेबलला मात्र तेवढ्यानेही भागत नाही. अशा कितीतरी टर्नटेबलांची मोटर विजेच्या आवर्तनांवर चालते. तिकडे ती ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. व्होल्टेज नीट असूनही ३३⅓ फेऱ्यांची तबकडी २७.८ फेऱ्यांनी फिरते आणि गायकाचा षड्ज जवळजवळ दीड स्वर खाली उतरतो. ५० हर्ट्झची पुली मिळाली तर ठीक. टेक्निक्सच्या एसएल-१२०० सारख्या थेट मोटरवर चाकी बसवलेल्या टर्नटेबलांना हा त्रास नाही, कारण त्यांची गती आतलंच सर्किट ठरवतं. १९७२ साली आलेलं हे यंत्र आजही लोक शोधत फिरतात, त्याचं एक कारण हा गतीचा नेमकेपणा आहे.

आता सुईकडे येऊ. या विषयात माझा सगळा जीव इथे गुंतलेला आहे.

तबकडीच्या खाचेत जे कोरलेलं असतं ते जसंच्या तसं ऐकण्यासाठी नसतंच. खालचे स्वर पूर्ण ताकदीने कोरले तर सुई इतकी हेलकावते की खाचा एकमेकींत घुसतील. म्हणून कोरताना खालचे स्वर दाबतात आणि वरचे उचलतात, आणि ऐकताना अ‍ॅम्प्लिफायरने बरोबर उलटं करायचं असतं. १९५४ साली अमेरिकेच्या रेकॉर्ड उद्योगाच्या संघटनेने, राइआने, याचं एक ठरावीक प्रमाण ठरवलं. ५० हर्ट्झचा खर्ज सुमारे सात पट दाबायचा, १० हजार हर्ट्झचा बारीक आवाज सुमारे पाच पट उचलायचा. अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर ‘फोनो’ लिहिलेलं जे भोक असतं, त्यामागचं सर्किट हे उलटं काम करतं. शिवाय सुईतून निघणारा संदेशही ते मोठा करतं. हल्लीच्या चुंबकी कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसवलेल्या डबीतून, जेमतेम ५ मिलिव्होल्ट निघतात, सीडी प्लेअरमधून २ व्होल्ट. म्हणजे ४०० पट फरक. टर्नटेबल ‘ऑक्स’मध्ये लावलं की आवाज दुरून, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो, आणि सीडी प्लेअर किंवा मोबाइल ‘फोनो’त लावला की कानठळ्या बसवणारा चिरका गोंगाट होतो. दोन्ही वेळा दोष यंत्राला दिला जातो, चुकलेलं असतं फक्त भोक.

नव्या अ‍ॅम्प्लिफायरना अनेकदा ‘फोनो’ नसतंच. मग मध्ये एक छोटा फोनो प्री-अ‍ॅम्प घ्यायचा. काही नव्या टर्नटेबलांत तो आतच असतो आणि मागे ‘फोनो-लाइन’ अशी कळ असते. प्री-अ‍ॅम्पही आहे, कळही ‘लाइन’वर आहे आणि वायर ‘फोनो’त लावली आहे, असं दोन-तीनदा उचललेलं प्रकरण घरोघर सापडतं. अशा वेळी आवाज फाटतो आणि खर्ज फुगतो. तीनपैकी एकाच ठिकाणी हे काम व्हायला हवं.

फिएस्टाचं गणित पुन्हा निराळं. त्यात सिरॅमिक कार्ट्रिज असतं. त्यातून मिलिव्होल्ट नव्हे, शेकडो मिलिव्होल्ट निघतात आणि राइआची बरीचशी भरपाई ते स्वतःच करतं. त्याला पुढचं यंत्र १० लाख ओहमच्या आसपासचं लागतं, चुंबकीला ४७ हजार ओहमचं. फिएस्टाचा आवाज मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरवर न्यायचा असेल, तर ‘फोनो’त लावून उपयोग नाही. साध्या ‘ऑक्स’मध्ये लावला तर खर्ज जातो. मध्ये एक छोटं बफर सर्किट लागतं, ते सीताबर्डीवर मिळणाऱ्या सुट्या भागांतून जाणकार तासाभरात बनवून देतो. पण मी म्हणेन, फिएस्टाला फिएस्टाच राहू द्या. त्याची सुई जड, स्पीकर छोटा, आवाज एकाच बाजूचा. तो जसा आहे तसा वाजण्यातच त्याची शोभा आहे, आणि चांगल्या तबकड्या त्यावर रोज घासू नयेत.

सुईची जाडी हाही फार मोठा भाग. एलपीची खाच बारीक, तिला १८ मायक्रॉनच्या आसपास टोकाची सुई. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खाच रुंद, तिला ६५ ते ७५ मायक्रॉनची. एलपीची सुई ७८वर टाकली तर ती खाचेच्या तळाशी लोळते, तिथला कचरा वाजवते आणि गाणं मागे राहतं. म्हणजे ‘शीळ’ ऐकायची तर वेगळी सुई, किंवा त्याहून बरं, वेगळं हेडशेल, म्हणजे कार्ट्रिजसकट बदलता येणारं दांडीचं टोक. गोष्ट तिथेही संपत नाही. ती तबकडी राइआच्या आधीची आहे. तिच्यात खर्ज कमी दाबलेला आणि वरचे स्वर जवळजवळ न उचललेले. आजच्या फोनोतून ती वाजवली की खर्ज फुगतो, आवाज कांबळ्याखालून आल्यासारखा दबतो. ट्रेबल वाढवून आणि बेस थोडा उतरवून हे बरंचसं सावरता येतं. जुन्या तबकड्या आवडीने ऐकणाऱ्यांनी टोन कंट्रोल नसलेला ‘शुद्ध’ अ‍ॅम्प्लिफायर घेऊ नये, असं मी हट्टाने सांगते.

७८ची तबकडी लाखेची असते. पळस, कुसुम आणि बोरीच्या झाडांवरच्या किड्यांची लाख, दगडाची बारीक पूड आणि काजळी. आपल्याच जंगलातला हा माल जगभरच्या गाण्यांना पुरला. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एलपी पुसायला वापरतात ते अल्कोहोलचं द्रावण ७८वर ओतलं तर गाणंच धुऊन जाईल. तिला मऊ ब्रश आणि अगदीच मळलेली असेल तर साबणाचं किंचित पाणी, तेही लेबल कोरडं ठेवून. आणि चावीच्या ग्रामोफोनवर एलपी कधीच ठेवू नका. त्याचा साउंडबॉक्स १०० ग्रॅमहून जास्त वजनाने टेकतो, चांगलं कार्ट्रिज दीड-दोन ग्रॅमने. एका खेपेत एलपीची खाच नांगरली जाते.

आता नव्या-जुन्याचा सांधा. मोबाइलवरून जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला आवाज द्यायचा तर सर्वांत सोपा मार्ग म्हणजे छोटा ब्लूटूथ रिसीव्हर, त्यातून दोन आरसीए पिना ‘ऑक्स’ किंवा ‘ट्यूनर’ किंवा ‘टेप’च्या भोकात. ही तिन्ही भोकं जवळपास सारखीच, हे अनेकांना माहीत नसतं. ‘ऑक्स’ भरलेलं असेल तर ‘ट्यूनर’ वापरा. टीव्हीचा आवाज हवा असेल तर टीव्हीच्या ऑप्टिकल तोंडातून छोटं डिजिटल-अ‍ॅनालॉग रूपांतरक जोडा, आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज ‘पीसीएम’वर ठेवा. ते न केल्यामुळे सगळं जोडूनही शांतता पसरलेली घरं मी पाहिली आहेत.

फिलिप्स, ग्रुंडिग आणि त्यांच्या वळणाच्या सेटना गोल, पाच काड्यांचं डिन तोंड असतं. त्यात एकाच वायरीतून आवाज आतही जातो आणि बाहेरही येतो. मधली २ नंबरची काडी जमिनीची, ३ आणि ५मधून वाजवलेला आवाज, १ आणि ४ रेकॉर्डिंगच्या. बाजारातली तयार वायर कुणी कुठल्या बाजूने ओढली आहे हे मल्टिमीटर लावल्याशिवाय कळत नाही. वायर निकामी म्हणून फेकण्याआधी एवढं तपासून पाहा.

व्हॉल्व्हच्या रेडिओमागे ‘पीयू’ किंवा तबकडीचं चित्र असलेली दोन भोकं असतात. ट्रान्सफॉर्मरवाला सेट असेल तर मोबाइलचा आवाज इथेच द्यायचा. रेडिओला एकच स्पीकर, मोबाइलला डावा-उजवा असे दोन आवाज. दोन्ही तारा नुसत्या पिळून एक करू नका, मोबाइलच्या दोन्ही बाजू एकमेकींवर ढकलाढकली करतात. प्रत्येक तारेत १ हजार ओहमचा रेझिस्टर घालून मग एकत्र करा. अशा रेडिओतून जुनी नाट्यगीतं ऐकणं काय असतं, हे एकदा अनुभवावंच. वसंतराव देशपांडे नागपुरात शिकून घडलेले. त्यांची तान त्या लाकडी पेटीतून, आठ इंची कागदी कोनातून येते तेव्हा आवाजाला अंग असतं.

स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायरची जोडी जुळवताना वॅटपेक्षा ओहम पाहावेत. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात, ४चे दोन जोडले की २, आणि तिथे बहुतेक ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर तापून जातात. गणपतीत किंवा लग्नघरी ‘अजून दोन डबे लावा’ म्हणताना नेमकं हेच होतं. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरची भीती उलटी. त्याच्या तारा सुट्या ठेवून, स्पीकर न लावता आवाज वाढवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. वॅटबद्दल एकच लक्षात ठेवावं. आवाज ३ डेसिबलने वाढवायला ताकद दुप्पट लागते. जास्त संवेदनशील स्पीकर घेतला तर १० वॅटचा जुना अ‍ॅम्प्लिफायर घर भरून टाकतो. पैसे थोडे असतील तर ते आधी सुईवर, मग स्पीकरवर खर्चावेत. महागड्या वायरींवर मी एक रुपयाही घालणार नाही. जाड तांब्याची साधी वायर पुरते.

गुरगुरीबद्दल. जोडणी नवीन झाली की नव्वद टक्के भांडण तिच्याशीच, असं वाटण्याइतकी ती सर्वत्र असते. टर्नटेबलमधून एक बारीक, सुटी तार येते. ती अ‍ॅम्प्लिफायरच्या ‘ग्राउंड’ स्क्रूला घट्ट बांधायची. ती राहिली तर ५० हर्ट्झची गुरगुर हमखास. दोन यंत्रांची अर्थिंग वेगवेगळ्या वाटांनी जमिनीत गेली तरी गुरगुर होते, म्हणून सगळी यंत्रं एकाच बोर्डावर लावावीत. गुरगुर घालवायला प्लगची तिसरी पिन तोडणारे लोक भेटतात. असं करू नका. महाल-इतवारीतल्या जुन्या घरांत तर मुळात अर्थिंग आहे का हे आधी पाहून घ्यावं.

आणि नागपूरचा उन्हाळा. २३ मे २०१३ला इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. स्लॅबखालचा माळा मे महिन्यात भट्टी होतो. तिथे आडव्या रचलेल्या एलपी वाकतात, कॅसेट डेकचे रबरी पट्टे डांबरासारखे वितळून चिकटतात, ग्रीस घट्ट होऊन चेंजरचा हात अडकतो, स्पीकरच्या कडेचा फोम पिठासारखा झडतो. तबकड्या उभ्याच ठेवाव्यात, आतल्या भिंतीच्या कपाटात, जमिनीपासून थोड्या वर. कूलरच्या झोतासमोर तर नकोतच, खसच्या ताटीतून येणारी ओल वेष्टनात शिरून बुरशी धरते. कूलर चालू-बंद करताना स्पीकरमध्ये जो ‘टक’ आवाज येतो, तो कळीत उडणाऱ्या ठिणगीचा. कूलर वेगळ्या लाइनवर घेतला आणि कळीला ठिणगी विझवणारा कंडेन्सर लावला की तो जातो. उन्हाळ्यात रात्री उशिरा, कूलर घटकाभर बंद ठेवून एक बाजू ऐकणारे रसिक या शहरात आहेत आणि मला ते अगदी योग्य वाटतं.

मध्यम लहरींवर रेडिओ ऐकणं मात्र ऋतूने नव्हे, आपल्याच घरातल्या दिव्यांनी अवघड केलं आहे. जुन्या डायलवर किलोहर्ट्झऐवजी मीटर लिहिलेले असतात. नागपूर आकाशवाणीची ५८५ किलोहर्ट्झची लहर डायलच्या एका टोकाला, ५१३ मीटरजवळ. दुसऱ्या टोकाला १९१.६ मीटर, म्हणजे १५६६ किलोहर्ट्झ, जिथे बुटीबोरीच्या १ हजार किलोवॅटच्या प्रक्षेपकावरून १९८८पासून आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी रात्रभर चालायची. नागपुरातून निघालेला आवाज देशाच्या कानाकोपऱ्यांत पोचायचा. तो प्रक्षेपक आज ती वाहिनी देत नाही. आता डायल फिरवला की स्वस्त एलईडी दिव्यांचा, चार्जरचा आणि इन्व्हर्टरचा चरचराट आधी लागतो. ते एकेक बंद करत जा. गुन्हेगार सापडतो, आणि त्याच्या मागून आवाज स्वच्छ वर येतो.

बर्डीवरच्या मोदी गल्ल्यांमध्ये आज मोबाइलच्या काचा आणि कव्हरांची दुकानं जास्त. व्हॉल्व्ह हातात घेऊन त्याची काच कुठे दुधाळ झाली आहे ते पाहणारी, कंडेन्सर नाकाशी धरून वास घेणारी माणसं मोजकी उरली आहेत, आणि बहुतेकांचं वय साठीच्या पुढे. त्यांच्याकडे सेट नेताना ‘नवा करून द्या’ म्हणू नये. ‘गळके कंडेन्सर बदला, बाकी हात लावू नका, काढलेले भाग परत द्या’ असं सांगावं. पेटीला नवं पॉलिश, नवी बटणं, नवा स्पीकर असं सगळं बदलून घेतलं की सेट वाजतो, पण आजोबांचा राहत नाही. मजुरीची घासाघीसही करू नये. तासभर डोळ्यांत तेल घालून केलेलं हे काम आहे.

जुन्या रेडिओ बनवणाऱ्यांची एक रीत आपण उचलण्यासारखी आहे. अनेक सेटच्या मागच्या झाकणाच्या आत आतल्या जोडणीचा नकाशा चिकटवलेला असायचा, व्हॉल्व्हचे नंबर आणि जागा यांसकट. आपल्या घरच्या जोडणीचाही असा एक कागद करावा. कुठली वायर कुठल्या भोकात, कळ ‘लाइन’वर की ‘फोनो’वर, फ्यूज किती अँपिअरचा, व्होल्टेजची कळ कुठे, ७८ची सुई कुठल्या डबीत, सुई कधी बदलली. साधी सुई पाचशेएक तास चालते, पुढे ती तबकडी खाऊ लागते, तेव्हा ही तारीख फार कामाची. कागद अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीला चिकटवून टाका, बॉलपेनने, मोठ्या अक्षरांत लिहून.